कललेली बाटली

स्वतःच्या हाताची तारीफ स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरे लोक ती नीट करत नाहीत, म्हणून मलाच करावी लागते. मी दातांची डॉक्टर. या गावातल्या निम्म्या जबड्यांत माझं काम आहे, आणि उरलेले निम्मे दुसरीकडे जाऊन पस्तावलेत. दवाखाना बंद केला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की आता कंटाळा आला. कुणी शंका घेतली नाही. कंटाळा आल्यासारखं बोलायची मला पहिल्यापासून सवयच आहे.

दवाखाना घराच्याच तळमजल्यावर होता. पाटी काढली, पण आतलं काही हलवलं नाही. वर-खाली होणारी खुर्ची, तिच्याशेजारचं चूळ भरायचं भांडं आणि लांब दांड्यावर फिरणारा माझा दिवा, सगळं जागच्या जागी आहे. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, तिथे आमचं वाइनचं मंडळ भरतं. चव घेणारी माणसं प्रत्येक घोट गिळत नाहीत. गिळत गेलं की चौथ्या ग्लासापासून सगळ्याच वाइन उत्तम लागायला लागतात. म्हणून घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. त्याला माझ्या भांड्याइतकी सोयीची जागा सगळ्या गावात नाही. वकीलसाहेब तर खुर्चीतच आडवे होऊन चव घेतात. सवयीने एकदा मी त्यांना म्हणाले होते, “आ करा.” त्यांनी केला. वरची दाढ किडलेली होती.

मंडळात मी, वकील, बेकरीवाली आणि दोघं-तिघं अधूनमधून येणारे. आणि वर्षभरापासून माझा जावई.

हा जावई माझ्या घरीच राहतो. लेक माझी इंजिनियर, पूल तपासत महिनोन्महिने फिरतीवर असते, आणि ह्याची शाळा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भूगोल शिकवतो. डावखुरा आहे, आणि जिथे बसेल तिथलं काहीतरी पाडल्याशिवाय उठत नाही. माझे दोन पातळ काचेचे ग्लास त्याच्या कोपराने गेले. “जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही,” असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले, तर हा शांतपणे म्हणतो, “आई, पुस्तकात आता आठच उरलेत. माझा नंबर अजून लांब आहे.” अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

मंडळात तो माझ्या बरोबर समोर बसायचा. कुठलीही वाइन द्या, ग्लास नाकाशी नेणार, एक घोट घेणार आणि म्हणणार, “छान आहे.” त्यापुढे अक्षर नाही. वकील एका घोटावर अर्धा तास बोलतात. दोघांची सरासरी काढली तर मंडळाचं बरं चाललं आहे.

ओतायचं काम मात्र पहिल्यापासून माझं. साध्या वाइनला त्यात काही विशेष नाही, ती कुणीही ओतावी. कौशल्य लागतं ते व्हिंटेज पोर्टला. एखाद्या खास चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, वर कडक मद्य घालून जड आणि गोड केलेली ही लाल वाइन. ती कोवळी असतानाच बाटलीत भरतात आणि मग थंड, अंधाऱ्या जागी ठेवून तिच्याकडे पाठ फिरवतात. बाटलीतल्या बाटलीत ती म्हातारी होते, आणि होता होता आपला सगळा गाळ खाली टाकते. तो गाळ ढवळला गेला की अर्ध्या आयुष्याची वाट पाहणं गढूळ पाण्यात गेलं म्हणायचं. म्हणून ती आधी काचेच्या सुरईत ओतून घ्यायची. बाटलीच्या मानेखाली दिवा ठेवायचा, उजेड वाइनमधून वर येतो, आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेशी आली की त्या क्षणी थांबायचं.

आणि एक नियम, ज्याला माफी नाही. बाटली एकदा कलली की परत सरळ करायची नाही. मध्ये थांबून दम खायचा नाही. बाटली परत वर उठली की आत लाट फिरते, लाटेबरोबर गाळ उठतो, आणि खेळ खलास.

काही लोक मलमलीच्या कापडातून गाळतात. ज्याचा हात चालत नाही त्याने गाळावं. आमच्या मंडळात गाळत नाहीत.

मंडळ सुरू केलं ते माझ्या यजमानांनी. तेव्हाच त्यांनी सगळ्यांच्या वतीने एका नावाजलेल्या वर्षाच्या पोर्टची छोटी पेटी घेतली होती. वकील म्हणाले होते, “एवढी वर्षं सांभाळायची आणि शेवटी कुणीतरी धसमुसळेपणाने ओतायची.” तर यजमान म्हणाले, “आमच्या घरात हात आहे.” बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. लग्नानंतर त्यांनी माझं असं उघड कौतुक फार वेळा केलं नाही, म्हणून मी ते वाक्य जपून ठेवलं आहे. यजमान गेले. पेटीतल्या बाटल्या एकेक करून उघडत गेल्या, आणि शेवटची एक राहिली.

ती उघडायचं ठरलं, आणि बातमी कशी कोण जाणे शेजारच्या शहरातल्या मंडळापर्यंत गेली. त्यांचा म्होरक्या म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेला कप्तान. जगभरची पोर्ट प्यायलेला, आणि तसं चारचौघांत सांगणारा. त्याने फोन केला. “तुमच्याकडे कापड लावत नाहीत म्हणे. यायला हवं एकदा बघायला.”

“या की,” मी म्हटलं. “ओतणार मीच आहे.”

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की मी काय बोलून बसले.

कारण माझा हात थरथरत होता. नेहमी नाही. नुसता मांडीवर असला की शहाण्यासारखा पडून असतो. पण वजन उचलून अधांतरी धरलं, आणि त्यातून दमलेला असला, की मनगटापासून कापायला लागतो. दवाखाना कंटाळ्याने बंद झालेला नव्हता. लोकांच्या तोंडात धारदार वस्तू घेऊन जाणाऱ्या बाईने हे लपवायचं नसतं, म्हणून दवाखाना मी लगेच बंद केला. पण बाटली म्हणजे काही कुणाची हिरडी नव्हे. ते मी लपवलं. लेकीला सांगितलं नाही, जावयाला तर नाहीच नाही.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातली मोरी तुंबली. प्लंबर आला, त्याने पाइप उघडला, आणि आतून कॉफीचा चोथा निघाला. थोडाथोडका नाही, बादली भरेल एवढा. मी जावयाला बोलावलं. “घरात काय हॉटेल काढलंय का? एवढी कॉफी ढोसतं कोण?”

“चूक झाली, आई,” तो म्हणाला. “यापुढे अंगणात टाकीन.”

सकाळ-संध्याकाळ माझ्याबरोबर चहा पिणारा हा माणूस कॉफी कधी प्यायला लागला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण मी प्लंबरशी घासाघीस करण्यात गुंतले होते.

ठरलेल्या रविवारी कप्तान आले. उंच, इस्त्रीचे कपडे, जोडे आरशासारखे. खोलीत आल्या आल्या दातांच्या खुर्चीकडे बघून जरा दचकले. केवढ्याही समुद्रातून फिरून आलेला माणूस असो, या खुर्चीपुढे सगळे सारखेच.

सुरुवात एका पांढऱ्या वाइनने झाली. बेकरीवाली डोळे मिटून म्हणाली, “धुतलेल्या फरशीचा वास.” कप्तान म्हणाले, “हिरवं सफरचंद, आणि शेवटी लिंबाची साल.” दोघंही बरोबर होते. वकील खुर्चीत आडवे होऊन बोलायला लागले, ते भांडं पुढे केल्यावर थांबले. जावई म्हणाला, “छान आहे.”

“तुमचे जावई मोजकं बोलतात,” कप्तान म्हणाले.

“जेवढं कळतं तेवढंच बोलतात,” मी म्हटलं. बेकरीवाली फिस्सकन हसली. जावई पण हसला.

मग एक लाल वाइन, बाटली मोज्यात घालून, कुणाला नाव दिसू नये म्हणून. मोजा वकिलांचा होता, त्यामुळे वासाच्या बाबतीत बेकरीवालीने आधीच हरकत नोंदवून ठेवली. कप्तानांनी घोट घेतला, छताकडे बघितलं आणि ठामपणे सांगितलं, की ही नदीकाठची, सपाट जमिनीतली. मी म्हटलं, “डोंगरातली आहे. उन्हं उशिरा पोचतात तिथली. आंबटपणा बघा, दाताच्या मुळाशी जातो.” मोजा उतरवला. डोंगरातलीच निघाली. कप्तानांनी मान लववली. नाही म्हणायचं नाही, माणूस मोकळा होता. पण मला तेवढ्याने चढली. वाइन नाही, फुशारकी.

मग ती बाटली आली. आदल्या दिवसापासून मी तिला कोपऱ्यात सरळ उभी करून ठेवलं होतं, गाळ तळाशी बसावा म्हणून. वरचं लाखेचं टोपण फोडलं आणि बुचात मळसूत्र घातलं. बूच जुनं, ओलसर. निम्मं वर आलं आणि निम्मं आत तुटून राहिलं.

“अरेरे,” वकील खुर्चीतून उठून बसले.

“मी बघू का?” कप्तान पुढे झाले.

“तुम्ही बसा,” मी म्हटलं. “तुटलेलं मूळ काढायला इथे लोक लांबून यायचे.” खण उघडून माझी बारीक पक्कड काढली. बाटली हलू न देता, तिच्या मानेत वाकून, कण कण सोडवत मी ते अर्धं बूच काढलं. पोटात चुरा पडू दिला नाही. वेळ लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी टाळ्या घेतल्या. आयुष्यभर ज्या चुकीबद्दल शिकाऊ डॉक्टरांना झापलं, तीच मी केली. नाजूक काम पुढे असताना हात आधीच दमवून ठेवला.

टाळ्या संपल्यावर कप्तानांनी खिशातून घडी घातलेलं पांढरंशुभ्र मलमलीचं कापड काढलं आणि अदबीने टेबलावर ठेवलं. “लागलंच तर,” ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हा जर म्हटलं असतं, की आज गाळून घेऊ, तर वाइन वाचली असती आणि कुणी काही म्हटलं नसतं. पण ‘आमच्या घरात हात आहे’ असं म्हणणारा माणूस या खोलीतून गेला तो ते वाक्य माझ्या भरवशावर ठेवून. मी कापड बोटाने बाजूला सारलं.

जावई उठला. माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि त्याने दिव्याचा दांडा वळवून उजेड खालून वर केला. “इथे बरोबर आहे ना, आई?”

“बरोबर आहे. आता कोपरं सांभाळा.”

मी डाव्या हातात सुरई धरली, उजव्या हातात बाटली घेतली आणि कलती केली. पहिली धार काचेवरून आवाज न करता उतरली. मानेत उजेड आला, लालसर, जुन्या विटेसारखा. वास असा वर आला की मागे उभी असलेली बेकरीवाली नुसती “अगंबाई” म्हणाली. मी श्वास रोखून होते. हात माझा होता, माझंच ऐकत होता. मला वाटलं, निभलं.

निम्मी बाटली झाली आणि मनगटात ते सुरू झालं.

आधी आतल्या आत, कुणाला न दिसेल असं. मग धार बारीकशी हलली. बाटलीच्या खांद्याशी, आत, एक धूसर काहीतरी जागं होताना मला दिसलं. सरळ करता येत नव्हती. धरवत नव्हती. दोन्हीकडून आग. तोंड घट्ट मिटून मी बोटं आवळली, तर थरथर वाढली.

दवाखान्यात माझ्या समोर, पेशंटच्या पलीकडे, माझी सिस्टर उभी असायची. मान वर न करता मी एक शब्द बोलायचे आणि माझ्या हातातली वस्तू तिच्या हातात जायची. काम थांबायचं नाही. इतकी वर्षं तो शब्द तोंडात बसलेला. तोच बाहेर पडला.

“धर.”

आणि समोरून एक डावा हात आला.

झडप नाही, घाई नाही. तळवा बाटलीच्या पोटाखाली, माझ्या हाताच्या बरोबर शेजारी टेकला आणि वजन घेतलं. दुसऱ्या हाताने त्याने सुरई धरली. बाटलीचा कल तसाच राहिला. मी एकेक बोट काढून घेतलं. धार तुटली नाही. मी उजव्या हाताने करते ते सगळं तो डाव्याने करत होता, आरशात बघावं तसं. अंगठा माझ्यासारखा, कोपर माझ्यासारखं पोटाशी. माझी डोकं किंचित तिरकं करायची खोड आहे, तीसुद्धा त्याने उचलली होती. वर्षभर हा माणूस समोर बसून ‘छान आहे’ म्हणत काय बघत होता, ते मला तेव्हा कळलं.

खांद्याशी उठलेलं ते धूसर हळूहळू परत बसलं. वाइन कमी होत मानेकडे आली. पहिली काळी रेघ दिसली आणि मी “थांब” म्हणणार, तोवर तो थांबलेला होता.

मी माझा हात पदराखाली घेतला.

जावयाने सगळ्यांना ओतली, डावीकडून फिरवत. कप्तानांनी ग्लास दिव्यासमोर धरला, तिरका केला, काठावर बघितलं, मध्यावर बघितलं. एक कण नव्हता. मग त्यांनी घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. पोर्ट कुणी थुंकली नाही. बेकरीवाली म्हणाली, “सुकं अंजीर. आणि भट्टी विझल्यावर विटांना येतो ना, तो ऊबदार वास.” मला अक्रोडाची साल लागली, संत्र्याची साल लागली, आणि त्या सगळ्याच्या मागे, घोट संपला तरी न संपणारी एक गोडी. वकील खुर्चीत बसले होते. आम्ही वाट बघितली. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “छान आहे.”

सगळ्यात मोठ्याने जावई हसला.

“डॉक्टर,” कप्तान म्हणाले, “धार न तोडता मध्येच हात बदललेला मी जन्मात बघितला नाही. ही तुमच्या मंडळाची पद्धत आहे का?”

हो म्हणून टाकणं सोपं होतं. शब्द जिभेवर आला होता. आमची जुनी पद्धत, असं म्हटलं असतं तर हे लोक आपल्या शहरात जाऊन तिची नक्कल करत बसले असते. पण समोर हा उभा होता, बोटांना लाल डाग लागलेला, आणि त्यालाही वाटत होतं की मी हो म्हणेन. तो माझं गुपित सांभाळायला तयारच होता. ते मला सहन होईना.

“नाही,” मी म्हटलं. “माझा हात थरथरतो. दवाखाना त्यापायीच बंद केला. आज निभेल असं वाटलं होतं. यांनी धरलं नसतं तर तुमचं कापडसुद्धा उपयोगी पडलं नसतं.” मग जावयाकडे वळले. “तुम्हाला कधी कळलं?”

तो डोकं खाजवायला लागला. “तुम्ही मला चहा नेहमी अर्धा कप द्यायचात. मला वाटायचं, जावई काही मनात भरला नाही. मग एकदा बघितलं, तर स्वतःलाही अर्धाच घेता.”

“आणि हे? हे कुठे शिकलात?”

“स्वयंपाकघरात. तुम्ही दुपारी झोपलात की. रिकाम्या बाटलीत पाणी आणि कॉफीचा चोथा. सुरुवातीला सगळं गढूळच व्हायचं.” तो थांबला. “मोरी त्यानेच तुंबली.”

बेकरीवालीने डोळ्यांना पदर लावला. ती पाव करपला तरी रडते, पण त्या दिवशी मी तिला काही म्हटलं नाही. हात दमला याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण छाती मात्र अशी भरून आली होती, की यजमान असते तर त्यांना कोपराने ढोसून म्हणाले असते, बघा.

कप्तानांनी आपलं मलमलीचं कापड उचललं, घडी मोडली, आणि त्याने ओठ टिपले. त्याचा तेवढाच उपयोग झाला. निघताना दारात जोडे चढवत म्हणाले, “आमच्या मंडळात सांगावं लागेल. कुणाचा हात म्हणून सांगू?”

“आमच्या घरचा,” मी म्हटलं. “डावा.”

मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मी वळून बघितलं नाही.

त्या संध्याकाळी चहा त्याने केला. माझा कप काठोकाठ भरून आणून पुढे ठेवला आणि पेपरात डोकं घातलं. मी तो दोन्ही हातांनी उचलला. थोडा बशीत सांडला, तो मी बशीतून प्यायले.

“साखर कमी पडली,” मी म्हटलं. “उद्या नीट टाक.”

“टाकतो, आई,” तो म्हणाला.